दोन गोळ्या शिल्लक

"दोन," मी म्हणालो.

खिडकीपलीकडच्या बाईने मान डोलावली. तिने दिलेलं कागदी पाकीट मी स्टीलच्या ताटलीत रिकामं केलं होतं आणि गोळ्या पट्टीने सारून मोजल्या होत्या. दोन गोळ्या मोजायला पट्टी लागत नाही, पण ती माझी सवय होती. अठ्ठावीस दिवसांपूर्वी तीस दिल्या, रोज रात्री एक घेतली, दोन उरल्या. तिच्या कार्डावर मी 'शंभर टक्के' असं लिहिलं आणि म्हणालो, "छान."

"मग जाऊ का आण्णा?"

"डॉक्टरमॅडमना भेटून जा. तुमचा रिपोर्ट आलाय."

बाईचा नंबर चारशे बारा. आमच्या विभागात, म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं मिळतात तिथे, कुणालाही नावाने हाक मारायची नाही असा नियम होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. एकीत डॉक्टर तांबोळी मॅडम बसायच्या, दुसरीत औषधांची कपाटं आणि मी. दोन वर्षांत निवृत्त होणार होतो. रुग्णांशी बोलायचं काम समुपदेशक बाईंचं होतं, माझं फक्त मोजायचं. मला ते बरं वाटायचं. माणसांशी काय बोलावं हे मला कधीच सुचलं नाही. घरी पुस्तकं वाचताना छपाईच्या चुका सापडल्या की मी पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवायचो, ग्रंथालयाच्या पुस्तकांतसुद्धा. तेवढंच माझं बोलणं.

थोड्या वेळाने मॅडमनी मला हाक मारली. चारशे बारा नंबर भिंतीकडच्या स्टुलावर पदर तोंडाला लावून बसली होती.

"पेठे, हिच्या गोळ्या कशा आहेत?"

"नियमित. वर्षभर शंभर टक्के. एकदाही खाडा नाही."

"आणि व्हायरस चाळीस हजारांवर. मागच्या वेळीही असाच होता." मॅडमनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "रोज गोळी पोटात जाते आणि तरी व्हायरस वाढतो, याचा अर्थ या गोळ्या हिला लागू पडत नाहीत. दुसऱ्या फळीची औषधं सुरू करावी लागतील." मग बाईकडे वळून त्या म्हणाल्या, "ती औषधं आपल्याकडे नाहीत. दर महिन्याला जिल्ह्याला जावं लागेल. गोळ्याही जास्त, दोन वेळा. आणि त्याही लागू पडल्या नाहीत तर पुढे फार काही हातात नाही. म्हणून पुन्हा विचारते. रोज घेतेस ना?"

"घेते," बाई म्हणाली.

"तुझा नवरा आज निगेटिव्ह आला आहे. तुझा व्हायरस दाबलेला राहिला की त्यालाही धोका राहत नाही. असा वर राहिला तर मला त्याचीही काळजी आहे."

बाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

"सोमवारी सकाळी औषधं बदलण्याचा फॉर्म जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजला जाईल," मॅडम मला म्हणाल्या. "तुमच्या रजिस्टरवर मी डोळे झाकून सही करते, पेठे."

हा शुक्रवार होता.

शनिवारी महिनाअखेरची गोळ्यांची मोजणी होती. कपाटात दहा गोळ्या जास्त निघाल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा दहा. कमी निघाल्या असत्या तर कुठे सांडल्या असं म्हणता आलं असतं. जास्त निघाल्या म्हणजे कुणाला तरी कमी दिल्या होत्या. मी महिन्याची सगळी पानं तपासत बसलो. महिन्याच्या सुरुवातीला माल उशिरा आला होता. त्या आठवड्यात बाटल्या फोडून प्रत्येकाला पाकिटातून वीस-वीस गोळ्या दिल्या होत्या आणि वीस दिवसांनी बोलावलं होतं. सगळ्यांच्या पुढे वीस लिहिलं होतं. एकीपुढे मात्र हाताच्या सवयीने तीस लिहून अठ्ठावीस दिवसांनंतरची तारीख टाकली होती.

चारशे बारा.

चूक माझी होती. तिला वीस मिळाल्या होत्या. रोज एक घेतली असती तर विसाव्या दिवशी पाकीट रिकामं व्हायला हवं होतं, आणि ती आठ दिवस आधीच खिडकीशी यायला हवी होती. ती अठ्ठाविसाव्या दिवशी आली आणि येताना दोन गोळ्या घेऊन आली.

मॅडमना फोन करावा असं वाटलं. पण सांगणार काय? ती बाई खोटं बोलते? माझ्या एका चुकीच्या नोंदीवरून मी कुणाला खोटं ठरवणार होतो? आधी तिला विचारायला हवं होतं. तिच्या कार्डावर फोन नंबर होता आणि त्याच्यापुढे समुपदेशक बाईंनी लिहिलं होतं, 'फोन जावेकडे असतो, करू नये.' खाली धंदा लिहिला होता, 'बांगड्या, जत्रेतून विक्री.' नावही होतं. मालन कासार.

चैत्र चालू होता. रविवारी आमच्यापासून तीन कोसांवर भैरोबाची जत्रा होती.

"जत्रेला जाऊ या का?" संध्याकाळी मी बायकोला विचारलं.

कुंदा भाजी निवडत होती. तिने चष्मा वर केला. "कोण?"

"आपण. तुला बांगड्या घेऊ."

"एकतीस वर्षांत आज आठवलं?" ती म्हणाली. "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

आमच्या कामात एक नियम होता. रुग्ण बाहेर कुठे भेटला तर त्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. नव्या माणसांना तो मीच सांगायचो. बसमध्ये मी मनाशी ठरवलं, गिऱ्हाईक म्हणून जायचं, तिने ओळख दिली नाही तर बांगड्या घेऊन मुकाट्याने परतायचं. आणि खरं सांगायचं तर तिने ओळख देऊ नये असंही मला वाटत होतं.

बांगड्यांची दुकानं देवळामागच्या रांगेत होती. वर ताडपत्री, खाली सतरंजी, काचेच्या बांगड्यांचे तोडे दोरीला लावलेले. तिसऱ्या दुकानात ती होती, शेजारी एक ठेंगणी, पान खाणारी बाई. कुंदा सतरंजीवर बसली आणि मी मागे उभा राहिलो.

"अडीचचं माप बसंल वैनी. हात सैल सोडा, माज्याकडं बगू नका, दुसरीकडं बगा," मालन म्हणाली. तेल लावलेल्या बोटांनी ती कुंदाचा पंजा दाबत एक-एक बांगडी चढवू लागली. पाचवी चढवताना तिने मान वर केली आणि मी दिसलो. बांगडी काटकन मोडली.

"आगं बया, वाढवलीस?" ठेंगणी बाई म्हणाली. "धा वर्सांत तुज्या हातनं वाढवल्याली बगितली न्हवती म्या."

"व्हतं कवा कवा," मालन म्हणाली. तिने तुकडे गोळा केले, कुंदाच्या मनगटाला लागलं नाही ना ते पाहिलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "आण्णा, तुमी हुय? छबू, ह्ये तालुक्याच्या दवाखान्यातलं औशिदाचं आण्णा. आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या ह्येच देत्यात."

"हां हां," छबू म्हणाली. "म्हातारी लई नाव काडती तुमचं."

त्या म्हातारीला मी कधी पाहिलंही नव्हतं. मी मान हलवली.

सगळ्या बांगड्या भरून झाल्यावर मालन जावेला म्हणाली, "छबू, वैनीला दर्शन करवून आन की. रांगंत नगं, म्हागल्या दारानं ने. पुजारी वळखतोय तुला."

"नव्या बांगड्या भरून देवाला जायचंच असतं," छबू म्हणाली आणि कुंदाला घेऊन गेली. कुंदाने जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं.

मालनने गिऱ्हाइकांकडे पाठ केली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"मालकांचं काय निगालं का?"

"नाही, नाही. ते निगेटिव्ह आहेत. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या तेच."

ती गोणपाटावर बसली. "मग तुमी कशापायी आला?"

बसमध्ये मी दोन वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. पलीकडे पाळण्याचं इंजिन धडधडत होतं.

"माझ्याकडून चूक झाली," मी म्हणालो. "गेल्या खेपेला तुम्हाला तीस गोळ्या द्यायच्या होत्या. मी वीसच दिल्या."

"मग?"

"वीस गोळ्या अठ्ठावीस दिवस कशा पुरल्या?"

ती सतरंजीची दशी ओढत राहिली.

"पुरल्या न्हाईत," शेवटी ती म्हणाली. "म्हंजी, उरल्या."

"किती?"

"मोजल्या न्हाईत. दोन ठेवल्या, बाकीच्या मोरीत टाकल्या."

"दोनच का ठेवल्या?"

"तुमाला दोन लागत्यात न्हवं."

आता ती बोलू लागली, गिऱ्हाइकाला बांगड्यांचे दर सांगावेत तसं, खाली बघून, भरभर. घरी असली की ती रोज गोळी घ्यायची. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो पायाने अधू, गावातलं दुकान बघायचा. पहिल्या नवऱ्यापासून तिला हे आलं होतं आणि या नवऱ्याने ते माहीत असून लग्न केलं होतं. पण कार्तिक ते वैशाख तिच्या जत्रा चालायच्या, महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस.

"जत्रंत नऊ वाजता बाया रांग धरून बसल्याल्या असत्यात," ती म्हणाली. "हाताला त्याल, शेजारी जाऊ. पिशवी कवा उगडू? साडेधाला दुकान झाकतोय आमी."

"मग साडेदहाला घ्यायची गोळी."

"नऊ टळल्यालं असत्यात की."

"टळू देत."

"तुमीच लिवलंय की आण्णा. रात्री नऊ. खाली दोन रेगा मारल्यात. मालकांनी वाचून दावलं मला. मला वाटलं, नऊ टळलं म्हंजी औशिद अंगाला लागत न्हाई, उलटं बादतंय."

मी लिहिलं होतं. प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक बाटलीवर, सुवाच्य अक्षरात, दोन रेघा मारून.

"विचारलं का नाही कधी?"

"इचारनार हुते. पयल्या वर्सी आट उरल्या हुत्या. मनात म्हनलं, आता इचारावं. तुमी मोजल्या आन् 'आट' म्हनला, मोट्यानं. आन् खिशातनं लाल पेन काडलं. माज्या म्हागं पंधरा-ईस मानसं उबी. तुमी रागावला असता तर बरं झालं असतं. रागावल्यावर मानसाला बोलता येतंय, उलटं इचारता येतंय. तुमी नुसतं लाल पेन काडलं." तिने दशी सोडून दिली. "म्हागनं तुमी 'छान' म्हनू लागला. मग कुटल्या तोंडानं सांगायचं?"

मला ते आठ आठवत नव्हते. आजही आठवत नाहीत. मी मोठ्याने बोलतो असं आयुष्यात मला कुणी म्हणालं नव्हतं. कुंदा तर म्हणायची की तुमचं अर्धं बोलणं मिशीतच राहतं. पण आकडा सांगताना माझा आवाज चढत असेल. आकड्यांच्या बाबतीत मला खात्री असायची.

"हे बघा," मी म्हणालो, "त्या गोळीने गरगरतं, म्हणून ती झोपताना घ्यायची. एवढंच. दुकान झाकल्यावर घ्या, साडेदहा, अकरा, बारा. विसरलात आणि पहाटे आठवलं तर पहाटे घ्या. फक्त दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत."

"खरं?"

"खरं."

"मग नऊ कशाला लिवलं?"

मी विचार केला. या प्रश्नाचं उत्तर मलाही त्याच क्षणी कळलं.

"नऊला मी झोपतो," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडात धरला, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि पुन्हा हसली. "आवो आण्णा," ती म्हणाली, "तुमच्या झोपंपायी मी वरीसभर औशिद मोरीत टाकतीया." मग मीही हसलो. शेजारच्या दुकानातला माणूस आमच्याकडे बघू लागला तेव्हा तिने एक तोडा उचलून मला दाखवल्यासारखं केलं.

"मॅडमना सांगू का?" मी विचारलं. "सांगितलं नाही तर उद्या फॉर्म जाईल. ती औषधं तुम्हाला लागणार नाहीत कदाचित."

"सांगा. पर मोरीचं सांगू नका."

"बरं."

कुंदा गुलाल लावून परत आली. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती हातातल्या बांगड्या फिरवत होती.

"तुम्ही मला बांगड्या घ्यायला आणलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मग ठीक आहे. मी काळजीत पडले होते." आणि तिने पुढे काही विचारलं नाही. माझ्या कामाबद्दल ती कधीच विचारत नसे.

सोमवारी मॅडम यायच्या आधीच मी त्यांच्या दाराशी उभा होतो. माझी चूक दोन पानांवर लिहून आणली होती. मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

"दहा गोळ्या जास्त निघाल्या म्हणून दोन पानं, पेठे?"

"पुढे आहे," मी म्हणालो.

त्या खुर्चीत बसल्या. वाचून झाल्यावर त्यांनी फॉर्म काढला, त्यावरची माझी 'शंभर टक्के' ओळ पाहिली आणि तो खणात टाकला.

"तुम्ही जत्रेत गेला होतात. रुग्णाच्या दुकानात."

"हो. बांगड्या घ्यायला."

"नियम माहीत आहे ना?"

"हो. ओळख तिने आधी दिली. पण गेलो मी, हे खरं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "उरलेल्या गोळ्यांचं ती काय करायची?"

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी चष्मा घातला. "तीन महिने खऱ्याखुऱ्या घेऊ देत. मग पुन्हा तपासू. तोवर फॉर्म इथेच राहील. आणि पेठे, गोळी कधी घ्यायची हे आता प्रत्येकाला विचारून लिहा. तो झोपतो कधी, कामावरून येतो कधी."

"मी विचारू?"

"मग कोण? गोळ्या तुम्ही देता."

पहिले काही दिवस माझी फार तारांबळ उडाली. लोकांना झोपण्याची वेळ विचारताना मी इतका लाजायचो की एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "पोरीचं लगीन जमवायचंय का आण्णा?" दूध घालणारा एक जण पहाटे तीनला उठायचा आणि साडेसातला झोपायचा. सूतगिरणीतल्या एका बाईची महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी असायची. वर्षानुवर्षं त्यांच्या बाटल्यांवर मी नऊ लिहीत आलो होतो.

तीन महिन्यांनी मालन आली. खिडकीशी रांग होती. मॅडम स्वतः रिपोर्ट घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि तो माझ्यासमोर धरला. व्हायरस मोजण्याइतकाही सापडला नव्हता. मॅडमनी खणातला फॉर्म आणला होता, तो त्यांनी माझ्यादेखत उभा फाडला.

मी मालनला रिपोर्ट सांगितला. हळू आवाजात, खिडकीत वाकून. तिने दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

"मालकांना सांगते," ती म्हणाली. मग तिने बाटली पुढे ठेवली आणि मी झाकण उघडायच्या आत रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आण्णा, ह्या खेपंला पाच हायत. दोन तुमच्या, आन् तीन माज्या. ताप हुता, तीन दिस ध्येनातच न्हवतं."

"ताप कधी आला होता?" मी विचारलं. "आता बरं आहे?"

"आता ब्येस हाय."

मी पाच लिहिले, नवी बाटली दिली, ती गेली. तिच्या मागे सातशे तीस नंबर होता. खडी-क्रशरवर काम करणारा, उंच, अंगावर नेहमी धुळीचा पांढरा थर. त्याच्या बाटलीत प्रत्येक खेपेला दोन गोळ्या असायच्या. आजही त्याने बाटली ठेवली. मी ताटलीत ओतली. दोन.

तो पुढे सरकेना. मागच्या माणसाने त्याला हलकेच ढोसलं, तरी तो हलला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राची एक घडी केलेली पुडी काढून ताटलीशेजारी ठेवली. पुडी बरीच फुगीर होती.

"ह्या बी माज्याच हायत," तो म्हणाला.

मी पुडी उघडली नाही. ताटली बाजूला ठेवली, खिडकी लोटली आणि दाराची कडी काढली.

"आत या," मी म्हणालो.

आत खुर्ची एकच होती. ती मी त्याच्याकडे सरकवली आणि कपाटाला टेकून उभा राहिलो.

"सांगा," मी म्हणालो, आणि तो सांगू लागला.